हातावर आलेला घोयरा

माझ्या हातावर त्याने आपणहून यावं, एवढीच माझी इच्छा होती. कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, म्हणून मी सांगितलं नाही. आमच्या ह्यांना मात्र न सांगताच कळलं असावं. रोज संध्याकाळी चिकूच्या वाडीतून आल्यावर हातपाय धुता धुता हे विचारायचे, "आला का?" मी म्हणायचे, "नाही." मग हे चहा मागायचे.

तो म्हणजे घोयरा. कुंपणावरच्या साध्या सरड्यापेक्षा मोठा, अंगाने चपटा, शेपटीची गुंडाळी करून बसणारा, आणि एक डोळा पुढे तर दुसरा मागे फिरवणारा. पाऊस सरत आला की आमच्या डहाणूकडे हे प्राणी झाडांवरून उतरतात आणि रस्ता ओलांडायला निघतात. निघतात खरे, पण एक पाऊल उचलायचं आणि ते टाकावं की नाही याचा विचार करत जागीच डुलत राहायचं, अशी त्यांची चाल. त्यातले बरेचसे पलीकडे पोचतच नाहीत.

हा मला आशागडजवळ रस्त्याच्या मधोमध भेटला. गौरी-गणपती नुकतेच गेले होते. मी मे महिन्यात निवृत्त झाले होते आणि निवृत्तीच्या कुठल्याशा कागदावरची राहिलेली सही घेऊन तलासरीहून परत येत होते. समोरून रेतीचा डंपर. मी स्कूटी आडवी घातली, हात वर केला आणि झरीच्या शाळेत तीस वर्षं वापरलेल्या आवाजात ओरडले, "थांब!" डंपर थांबला. घोयराही थांबला, एक पाय हवेत धरून. डंपरवाला खिडकीतून गुजरातीत काहीतरी बोलला, ते मी मनावर घेतलं नाही. छत्री पुढे केली तशी त्याने तिची दांडी घट्ट धरली. रस्त्याकडेला सोडला असता तर पुन्हा रस्त्यावर आला असता, म्हणून फाईल होती त्या कापडी पिशवीत त्याला घातला आणि घरी आणला. म्हटलं, दोन दिवस ठेवू आणि सोडू.

घरी पिशवी उघडली तेव्हा तो काळाठिक्कर पडला होता. गळा फुगवून, तोंड आ वासून त्याने माझ्याकडे बघत असा काही फुसकारा टाकला की मी दोन पावलं मागे सरले. ज्याचा जीव वाचवला तोच अंगावर येतो म्हटल्यावर राग येणारच. मला आला. त्या रागातच मी ठरवलं की हा माझ्या हातावर आल्याशिवाय याला सोडायचा नाही.

माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. केंद्रप्रमुख यायचे तेव्हा बाकीच्या शिक्षकांना सांगायचे, बाईंचा वर्ग बघा. उधव्यापासून, झरीच्या पाड्यांवरून येणारी मुलं, घरी वेगळी बोली आणि शाळेत माझं मराठी. तरी महिन्याभरात सगळी सरळ व्हायची. चाळीस पोरांना सरळ केलेल्या बाईला वीतभर सरडा ऐकत नाही म्हणजे काय!

मागच्या पडवीत मोठ्या कुंडीत जास्वंद आहे. तिच्यावर जुनी, बारीक भोकं पडलेली मच्छरदाणी सोडली आणि त्याला आत ठेवला. जास्वंदीच्या कुंडीत मी हौसेने समुद्रावरचे शिंपले पसरून ठेवले होते, पाणी घालताना माती उडू नये म्हणून. बाकी पडवीला टाइल्स आहेत. एकूण व्यवस्था स्वच्छ आणि चांगली झाली, असं मला वाटलं.

मग मोबाइलवर बघायला सुरुवात केली. परदेशातली माणसं काचेच्या खोक्यात, दिव्याखाली असले प्राणी पाळतात आणि त्यावर तासन्‌तास बोलतात. एक म्हणाला, रोज थोडा वेळ हातात घ्या, सवय होईल. दुसरा म्हणाला, अजिबात हात लावू नका, विश्वास तुटेल. एक म्हणाला, हिरवा म्हणजे सुखात आणि काळा म्हणजे दुःखात. एका बाईने सांगितलं की तसं काही नसतं, सकाळी ऊन घ्यायलाही ते काळे होतात. मी वहीत लिहून घेत होते. चार दिवसांनी वही उघडून बघितली तर प्रत्येक वाक्याच्या खाली त्याच्या उलट वाक्य होतं. मुलांनी अशी वही लिहिली असती तर मी तिच्यावर लाल रेघ मारली असती.

पाण्याची वाटी ठेवली, तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. जास्वंदीला पाणी मारताना पानांवर थेंब राहिले, ते मात्र त्याने एकेक करून चाटले. हे मला कळलं ते योगायोगानेच. खाण्याचं तसं कळेना. तो किडे खातो हे मला ठाऊक होतं, तीस वर्षं मीच शिकवलं होतं. म्हणून वाडीतल्या गवतातले नाकतोडे पकडून, नाक मुरडत का होईना, मी ते चिमट्यात धरून त्याच्यापुढे नेले. तो फांदीच्या मागच्या बाजूला सरकला. मी पुढून बघायला गेले की तो मागे, मी मागे गेले की तो पुढे. मधे फांदी बोटाएवढी, तिच्या आड तो आपलं सगळं अंग लपवत होता आणि तिथूनही एक डोळा माझ्यावर ठेवून होता.

आमच्या घरी कुणीही आलं की आधी चिकू. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूससुद्धा चिकू खाल्ल्याशिवाय जात नाही. चिकू खाऊन कुणाचं वाईट झालेलं आम्ही पाहिलेलं नाही. म्हणून सहाव्या दिवशी हताश होऊन मी एक पिकून मऊ झालेला चिकू कापला आणि जास्वंदीच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात ठेवून दिला. दुपारी बघते तर हा चिकूसमोर बसलेला. अंग पुढे ताणलं, दोन्ही डोळे चिकूवर आणले आणि जीभ अशी काही सुटली की मला फक्त टप् असं ऐकू आलं. मग तोंड हलवलं. पुन्हा जीभ. मला इतका आनंद झाला की मी वाडीत धावत जाऊन ह्यांना सांगितलं, "चिकू खातोय!"

"सरडा?" हे म्हणाले.

"मग काय! पुस्तकं लिहिणाऱ्यांना काय माहीत? त्यांनी आपला चिकू कुठे खाल्लाय?"

हे काही बोलले नाहीत. ह्यांची तशी सवयच आहे. मी बहिणीला फोन केला, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना फोटो पाठवले. घोयरा चिकू खातो ही बातमी मी बोर्डीपर्यंत पोचवली.

आता पाहुणा खातोच आहे तर त्याला चांगलं द्यावं म्हणून मी चिकू धुऊन, साल काढून, दिवसातून दोनदा ताजा कापून ठेवायला लागले. त्यावर चिलटं बसायची ती मला बघवेनात. मी तिथेच खुर्ची टाकून बसायचे आणि विणलेल्या पंख्याने चिलटं हाकलायचे. एक चिलट म्हणून बसू दिलं नाही. चिकू तसाच राहायचा, संध्याकाळी तांबूस पडायचा. घोयरा बारीक होत चालला होता. डोळ्यांचे गोळे आत गेल्यासारखे दिसायला लागले. माझं काय चुकतंय ते मला कळेना. आधी खात होता, आता इतकी सेवा करूनही खात नाही, म्हणजे माझ्यावर रुसला असणार. मी त्याच्याशी बोलायला लागले. "अरे, काय झालं? सांग तरी." हे पडवीच्या दारात उभे राहून ऐकत होते.

चौदाव्या दिवशी हे चहा पिता पिता म्हणाले, "तू चिलटं हाकलतेस ना, म्हणून तो खात नसेल."

"म्हणजे?"

"तो चिलटंच खात होता. चिकू कुठे खात होता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मग आठ दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. तू एवढं शिकवलंयस."

त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही. पण पंखा ठेवून दिला, चांगला सडका चिकू शोधून आणला आणि जास्वंदीत टांगला. तासाभरात चिलटांचा ढग जमला. आणि घोयरा जेवायला बसला. मी लांबून बघत होते. माझं तोंड एवढंसं झालं होतं, पण जीवही भांड्यात पडला होता. बोर्डीपर्यंत गेलेली बातमी परत कशी घ्यायची हा प्रश्न राहिला, तो अजून तसाच आहे.

त्यानंतर मला एक युक्ती सुचली. सडका चिकू मी माझ्याच तळहाताला फासला. हात मच्छरदाणीच्या आत धरून बसले. चिलटं हातावर बसली, गुदगुल्या होत होत्या, चिकट वास येत होता. पहिल्या दिवशी तो मागे सरकला. दुसऱ्या दिवशी जागचा हलला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याची जीभ माझ्या करंगळीवरच्या चिलटावर पडली, ओली, थंड, आणि मी श्वास रोखून धरला. मी त्याच्याकडे सरळ बघत नसे. बघितलं की तो खायचा थांबायचा. भिंतीकडे बघत हात पुढे करून बसलेल्या मला बघून पोस्टमन एकदा विचारून गेला, बाई, बरं नाही का?

तरी तो हातावर येत नव्हता. हातावरचं खायचा, हाताला लागून असलेल्या फांदीवर बसायचा, पण पाऊल टाकायचा नाही. हे विचारायचे, "आला का?" मी म्हणायचे, "नाही." दोन दिवसांचे चार आठवडे झाले होते.

मधे वापीला एका बारशाला दोन दिवस जावं लागलं. परत आले तर त्याचं सगळं बिघडलेलं. खाणं बंद. अंगावर कधी न बघितलेले पिवळे ठिपके आणि त्यांच्यामधे काळे पट्टे. झाडावर बसायचं सोडून तो सारखा खाली उतरत होता, कुंडीतल्या शिंपल्यांवर पुढचे पाय ओढत होता, टाइल्सवर जात होता, मच्छरदाणीच्या कडेकडेने फिरत होता, पुन्हा वर, पुन्हा खाली. मी न सांगता गेले म्हणून हा रागावला, असं मी मनाशी पक्कं केलं. शिंपल्यांशी खेळतोय असंही वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील, हा विचार मला शिवला नाही. मोबाइलवर शोधलं तर कुणी म्हणे आजारी आहे, कुणी म्हणे जागा बदला, कुणी म्हणे प्रेम द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा हात आत नेला. चिकूही लावलेला नव्हता. आणि तो आला. आधी एक पाऊल, मग दुसरं, मग सगळा. त्याची चिमट्यासारखी बोटं माझ्या बोटांना धरून राहिली. मी हात बाहेर काढला तरी तो बसून होता. मग मनगटावर, मग कोपराकडे, खाली तोंड करून हळूहळू चालत निघाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं. मी मोठ्याने ह्यांना हाक मारली, "अहो, आला! आला!"

ह्यांच्यामागून वाडीत कामाला येणारी बाईही आली. झरीच्या शाळेत ती माझ्याच हाताखाली शिकली होती. चौथीपर्यंत शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची, विचारलं की खाली मान. सातचा पाढा तिला कधी आला नाही. आता तिची मुलं त्याच शाळेत जातात आणि ती आमच्याकडे चिकू उतरवायला येते. घोयऱ्याला ती कधी हात लावत नसे. तिच्या पाड्यावर लोक त्याला विषारी समजतात, दिसला की दगड मारतात. ती मात्र दगड मारणाऱ्यांतली नव्हती, लांबून बघत राहायची.

ती म्हणाली, "बाई, ही पोटुशी हाय."

"कोण?"

"ही. अंडी घालाची हायत तिला. जमीन शोधते ती. तुमच्या हातावरून खाली उतराचा हाय तिला."

मी हसले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. इतक्या दिवसांनी आलेला माझा क्षण, आणि ही त्याच्यात अंडी घालत होती. मी म्हटलं, "अगं, नर आहे तो." हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मीच ठरवलं होतं. तिने खाली मान घातली आणि चिकू उतरवायला निघून गेली. मी घोयऱ्याला उचलून परत जास्वंदीवर ठेवला.

तो पूर्ण दिवस मी वाया घालवला. हे मला अजून टोचतं. संध्याकाळपर्यंत तो खालीच होता, शिंपले बाजूला सारून, मुळांनी घट्ट भरलेल्या त्या कुंडीत माती खरवडत. एक पुढची नखी दुखावून रक्त आलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही अर्धामुर्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत घालून त्याला तलासरीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टर ओळखीचे, मुलगा माझ्या शाळेत होता त्यांचा. बाहेर दोन म्हशी आणि एक शेळी, त्यांच्या रांगेत माझी टोपली.

"मॅडम, मी गाई-म्हशींचा डॉक्टर," ते म्हणाले. तरी त्यांनी हात धुऊन, दोन बोटांनी पोटाच्या बाजू अलगद चाचपल्या आणि मग माझ्याकडे बघितलं. "गाभण आहे. अंड्यांनी गच्च भरलीय. हिला खणायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतील. मग जगणार नाही. आधीच उशीर झालेला दिसतोय." थोडं थांबून म्हणाले, "आणि मॅडम, हा जंगली प्राणी. कायद्याने घरात ठेवता येत नाही. तुम्हाला मी सांगायला नको."

त्यांनी सांगायला हवंच होतं. परिसर अभ्यास शिकवताना "वन्यप्राणी पकडू नयेत" हे मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. खाली रेघसुद्धा ओढायचे.

परतीच्या रस्त्यावर मी स्कूटी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. टोपलीत ती हलत होती तोवर ठीक, हालचाल थांबली की मी गाडी उभी करून फडकं उचलून बघत होते. तो आता ती झाली होती, आणि मला तिचं काहीच नीट कळलेलं नव्हतं. ती माझ्या हातावर आली कारण माझा हात खाली जाणाऱ्या वाटेवर होता. की ओळखीचा होता म्हणून आली? भिंतीवरून उतरली असती, काठीवरून उतरली असती. पण पहिल्या दिवशी याच हाताला बघून तिने जबडा उघडला होता. डोकं चालेना. एवढं मात्र कळत होतं की ही मेली तर माझ्या हाताने मेली.

वाडीत शिरले आणि मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला शोधत गेले. हातातली काठी खाली ठेवून ती उभी राहिली. मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. आता कुठे सोडायची ते तू सांग."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पुढे झाली. बांधाजवळ जुनं जांभळाचं झाड आहे. मी त्याच्या बुंध्याशी बसले तर म्हणाली, "इथं नको. इथं पाणी राहतं, अंडी कुजतील." थोडं वर, उतारावर, सकाळचं ऊन पडतं तिथे तिने कोयत्याने गवत काढलं, बोट खुपसून माती बघितली. "इथं." मी घोयऱ्याला टोपलीतून हातावर घेतलं, उकिडवी बसले आणि हात जमिनीला टेकवला.

ती उतरेना. महिनाभर मी ज्याच्यासाठी तळमळत होते ते असं माझ्या हातावर बसून होतं, बोटांना बोटं गुंफून, आणि मला आता ते नको होतं. एक डोळा मातीवर, एक माझ्यावर. मला ढकलावंसं वाटलं. मागून माझी विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "राहू द्या, बाई. घाई नका करू तिला." मी गुडघे दुखत असूनही तशीच राहिले. कितीतरी वेळाने बोटांची पकड सुटली. ती उतरली, मातीवर डोकं घासलं, दोन पावलं डावीकडे गेली आणि खणायला लागली.

आम्ही दोघी जरा लांब, कावळे आणि वाडीतली कुत्री हाकलायला बसलो. हे जेवायला बोलवायला आले, आम्हाला बघून परत गेले आणि भाकरी तिथेच आणून दिली. ऊन चढलं तशी ती पुढून पूर्ण बिळात गेली, फक्त शेपटी बाहेर. खणून थकली की थांबायची. ती थांबली की मी अर्धी उठून बघायचे. बसल्या बसल्या मी विचारलं, "तू वर्गात कधी बोलायची नाहीस. तुला सगळं दिसायचं, कळायचं, मग का बोलली नाहीस?"

ती भाकरी खात होती. म्हणाली, "भीती वाटायची."

"माझी?"

"हां." मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "तुमी चांगल्या होत्या, बाई. औषधाला नेलेलं तुमी मला एकदा. पण भीती वाटायची."

टाचणी पडली तरी ऐकू येणारा माझा वर्ग. मी गवताची काडी तोडत राहिले, आणि तिने मला पाण्याची बाटली दिली.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती बिळात उलटी फिरून बसली होती, तोंड वर, डोळे अर्धे मिटलेले. रंग फिक्कट, राखेसारखा. मला वाटलं, गेली. माझ्या सोबतिणीने मान हलवली, "घालते ती." मग बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. रिकामी पिशवी जशी दिसते तशी दिसत होती, बरगड्या मोजता येतील अशी. त्या अवस्थेतही ती वळली आणि मागच्या पायांनी माती ओढून बीळ बुजवायला लागली. पार सपाट होईपर्यंत. मी जांभळाच्या खालच्या फांदीवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. ती त्या फांदीवर चढली, थेंब चाटत राहिली, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी हात पुढे केला नाही. ती वर वर गेली आणि पानांत दिसेनाशी झाली.

ती जगली का? तेवढंच मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी एक सडका चिकू घेऊन जांभळाखाली जायला लागले. चिकू फांदीवर टांगायचा, बांधावर बसायचं आणि झाडाचं पान न् पान बघायचं. डोळे दुखायचे. हिरवं होतं ते सगळं पानच निघायचं. बीळ बुजवलेल्या जागेवर ह्यांनी कुणी न सांगताच काटेरी फांद्या टाकून ठेवल्या होत्या, तिथे कुणी कुदळ मारू नये म्हणून. पंधरा दिवस झाले. दिवाळी झाली. मी स्वतःला सांगितलं की ती मेली, आणि मारली ती मीच. तरी सकाळ झाली की पाय तिकडेच वळायचे.

एकदा चिकू उतरवण्याची काठी खांद्यावर टाकून माझी जुनी विद्यार्थिनी तिथून जात होती. थांबली. म्हणाली, "बाई, रोज काय शोधता?"

"तिला. पण ती नाही गं आता."

ती माझ्याकडे बघून हसली. वर्गात चार वर्षांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "तुमच्या डोक्यावर तर हाय ती. रोज तिथंच असते. तुमी आलात की खालच्या फांदीवर येते, गेलात की वर जाते. मला वाटलं, तुमाला माहीत हाय."

"चिलटांसाठी येत असेल," मी म्हटलं.

"असंल," ती म्हणाली आणि काठी घेऊन पुढे गेली.

मी मान वर करायला निघाले होते. केली नाही. बघितलं की ती खायची थांबते. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या बांधाकडे बघत बसून राहिले. थोड्या वेळाने डोक्यावर, अगदी जवळ, टप् असा आवाज झाला.